गुण्या, दोरी आणि पंचेचाळीस अंश

मायटर गेजचं डोकं म्हणजे एक अर्धवर्तुळ. त्यावर दोन्ही अंगांना अंशांच्या रेघा कोरलेल्या असतात, मधोमध एक काटा असतो आणि खाली मशीनच्या खाचेत सरकणारी लोखंडी पट्टी. करवत-मशीनवर लाकूड तिरकं कापायचं तर या डोक्याला हवा तो कोन द्यायचा, चावी आवळायची आणि गेज पुढे ढकलायचं. दिसायला इतकं सोपं काम दुसरं नसेल. पण एकदा हिशेब करून पाहावा. अर्धवर्तुळाची त्रिज्या साधारण ६० मिलिमीटर धरली, तर एक अंश म्हणजे परिघावर जेमतेम १ मिलिमीटर. कोरलेल्या रेघेची स्वतःची जाडीच पाव मिलिमीटर. काटा रेघेच्या डाव्या कडेला टेकला की उजव्या, एवढ्यातच पाव अंश निघून जातो. तसबिरीच्या चौकटीला कोपरे चार आणि काप आठ. प्रत्येक कापात पाव अंश एकाच बाजूला गेला, तर आठ कापांत दोन अंश होतात आणि ते सगळे शेवटच्या कोपऱ्यात गोळा होतात. पट्टी दोन इंच रुंद असेल तर तिथे अडीच मिलिमीटरची फट पडते. आमच्या भाषेत पाऊण सूत. गिऱ्हाईक चार हातांवरून बोट दाखवेल, एवढी.

सरकारी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवण्यात माझी नोकरी गेली. दहावी झालेली मुलं यायची. कंपासपेटीतल्या कोनमापकावर त्यांचा विश्वास पक्का असायचा आणि मशीनवरच्या रेघांवर त्याहून पक्का. लोखंडात कोरलेलं खोटं कसं असेल, असा त्यांचा भाव. त्यांना मी पहिल्या आठवड्यापासून एकच गोष्ट सांगत आलो. रेघा जवळपास पोचण्यासाठी असतात. नेमका कोन लांबी मोजून मिळतो. हे काही माझं डोकं नव्हे. या धंद्याचा जेवढा मागचा इतिहास आपल्याला दिसतो, त्यात नेमका कोन हवा असणाऱ्या माणसाने अंश मोजलेले फार थोड्या वेळा दिसतात. त्याने दोरी ताणली, कर्ण मोजला, गुण्या पालथा घातला.

दोरीपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडचा लेखी पुरावा तिथपासून आहे. यज्ञाच्या वेदी आखण्यासाठी रचलेली शुल्बसूत्रं बौधायन, आपस्तंब, कात्यायन, मानव अशा नावांनी आज मिळतात. त्यांतली जुनी सूत्रं अडीच हजार वर्षांच्या अलीकडची नक्कीच नाहीत. मला त्यांतली सगळ्यात आवडणारी गोष्ट सोमयागाच्या महावेदीची. ही वेदी पश्चिमेला रुंद आणि पूर्वेला अरुंद. मधली पूर्व-पश्चिम रेषा ३६ मापांची, पश्चिमेची बाजू ३० आणि पूर्वेची २४. आपस्तंब सांगतो ती कृती अशी: ३६ मापांची दोरी घ्यायची आणि ती १८ने वाढवायची. एकूण झाली ५४. तिच्या पश्चिमेकडच्या टोकापासून एक खूण १२वर आणि एक १५वर करायची. मधल्या रेषेच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरीची टोकं त्यांना बांधायची. मग १५ची खूण चिमटीत धरून दोरी दक्षिणेला ताणायची. दोरीचे दोन भाग झाले १५ आणि ३९, आणि तळाला आहेत ३६. पंधराचा वर्ग २२५, छत्तिसाचा १२९६, बेरीज १५२१, म्हणजे बरोबर एकोणचाळिसाचा वर्ग. कोपरा काटकोनात बसला. तिथे खुंटी. तीच दोरी उत्तरेला ताणली की दुसरी खुंटी, आणि पश्चिमेची ३०ची बाजू तयार. मग दोरीची टोकं अदलाबदल करून पूर्वेलाही ती १५च्या खुणेलाच धरून ताणायची, म्हणजे काटकोन मिळतो. पण खुंटी ठोकायची ती १२च्या खुणेवर. दोन्हीकडे १२, म्हणजे २४.

एका दोरीवर दोन खुणा आणि त्यातून चारही कोपरे. माझ्या वर्गात सुतळी घेऊन अंगणात हे मी करून दाखवत असे. मुलांच्या तोंडावर जो भाव उमटे तो गणिताच्या तासाला कधी दिसत नाही, असं त्यांच्या गणिताच्या सरांनीच मला सांगितलं होतं.

याच सूत्रांत चौरस वीट कर्णावर दुभागून त्रिकोणी विटा करायला सांगितलं आहे. चौरस कर्णावर कापला की दोन्ही टोकांना पंचेचाळीसचा कोन आपोआप मिळतो, मोजावा लागत नाही. आणि त्या कर्णाची लांबी किती, तेही दिलेलं आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग काढून टाका. आकड्यांत ते ५७७ भागिले ४०८, म्हणजे १.४१४२१५७ येतं. खरा आकडा १.४१४२१३६. एक मीटर बाजूच्या चौरसात कर्णाची चूक दोन मायक्रॉनच्या आसपास. मशीनवर काम करणाऱ्याला दोन मायक्रॉन म्हणजे काय ते सांगायला नको. एवढी नेमकी लांबी ज्यांना काढता येत होती, त्यांना कोन वेगळा मोजण्याची गरज उरली नव्हती.

आता एकदम पुढे येतो, कारण मधल्या काळाबद्दल ठामपणे बोलण्याइतकं मला माहीत नाही आणि गावच्या सुताराबद्दल आहे. बारा बलुतेदारांतला सुतार नांगर, पाभर, बैलगाडीचं चाक, दाराची चौकट हे सगळं करत असे. माप गजाचं, २४ तसूंचा एक गज. हत्यारं म्हणजे वाकस, करवत, पटाशी, रंधा, सामता आणि गुण्या. माझ्या आजोबांचा गुण्या शिसवी होता. एक जाड दांडा, त्यात साळ पाडून बसवलेली पातळ पट्टी आणि दोन लाकडी खिळे. लाकडाचा गुण्या ऋतूप्रमाणे हलतो. पावसाळ्यात फुगतो, चैत्रात आटतो, आणि एकदा हातातून पडला की त्याचा भरवसा राहत नाही. म्हणून कुठलंही नेमकं काम हातात घेण्याआधी आजोबा तो तपासत. सरळ रंधलेल्या फळीच्या कडेला दांडा टेकवायचा, पट्टीच्या कडेने सुरीच्या टोकाने बारीक रेघ मारायची. मग गुण्या उचलून पालथा घालायचा, दांडा त्याच कडेला उलट्या दिशेने टेकवायचा आणि त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढं अंतर, त्याच्या निम्मी चूक. कुणी नवा मुलगा चौकट गुण्यात नाही म्हणून तक्रार करू लागला की ते एवढंच म्हणत, "आधी गुण्या पालथा घाल, मग बोल."

या तपासणीत दुसऱ्या कुठल्याही गुण्याची गरज लागत नाही. चूक आपोआप दुप्पट होऊन समोर येते. ज्या हत्याराने काम करायचं त्यालाच स्वतःविरुद्ध साक्षीला उभं करण्याची ही युक्ती किती जुनी आहे कोण जाणे, पण आजच्या सगळ्यात महागड्या मशीनची कसोटीसुद्धा याच तत्त्वावर चालते. त्याकडे मी येतोच.

मोठ्या बांधकामात गुण्या अपुरा पडतो. हातभर पट्टीवरची केसाएवढी चूक वीस हातांवर वीसपट होते. पुण्याचे वाडे उभे राहिले ते खणाच्या हिशेबाने. खांब, तुळया, त्यांवर कडीपाट, आणि असे खण एकाला एक जोडत चौकाभोवती फिरवायचे. शनिवारवाड्यातलं लाकूडकाम १८२८च्या आगीत गेलं. पण सदाशिव पेठेत दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली बांधलेला विश्रामबागवाडा आहे. तिथल्या सुरूच्या खांबांकडे आणि दर्शनी सज्जाच्या कोरीवकामाकडे सगळेच पाहतात. मला त्याहून खांबांची ओळ पाहावीशी वाटते. एका टोकाला उभं राहून डोळा लावला की पहिल्या खांबाआड बाकीचे लपतात. असा खण बसवायचा तर समोरासमोरच्या बाजू सारख्या मापाच्या घ्यायच्या आणि मग दोन्ही कर्णांना दोरी लावायची. कर्ण सारखे भरले की चारही कोपरे काटकोनात. कोपऱ्यात कुणी काहीच ठेवून पाहत नाही. आजही स्लॅबचं सेंट्रिंग लावणारे कारागीर टेप घेऊन हेच करतात.

या जुन्या कामात पंचेचाळीसचा जोड मात्र फारसा सापडत नाही आणि त्याला कारण आहे. दाराची चौकट पाहावी. उंबरा आणि वरची गणेशपट्टी दोन्हीकडे बाहेर काढलेली आणि उभ्या शाखा कूस-साळीने त्यांत रोवलेल्या. वजन पेलायचं असेल तर हाच जोड. पंचेचाळीसच्या जोडात दोन्हीकडची तिरकी कापलेली टोकं समोरासमोर येतात, सरस तिथे नीट धरत नाही. त्यातून आपली हवा. पट्टी रुंदीत फुगते-आटते, लांबीत जवळजवळ नाही; म्हणून पावसाळ्यात असा जोड बाहेरच्या टोकाला उघडतो आणि उन्हाळ्यात आतल्या. आपल्या पूर्वजांनी तो टाळला तो अज्ञानाने नव्हे.

कोनांचं खरं अवघड काम चाललं होतं ते मुंबईच्या गोदीत. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजं बांधली. त्याच घराण्यातल्या जमशेटजी बमनजींच्या देखरेखीखाली बांधलेलं आणि १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. जहाजाच्या बरगडीला सरळ कोन नसतोच. बाहेरच्या फळ्या टेकणार त्या अंगाचा उतार नाळेपासून मधापर्यंत दर हातावर बदलतो. तिथे सुतार बेव्हल वापरतो: दांड्याला खिळलेली, फिरणारी पट्टी. जिथला कोन हवा तिथे ती टेकवायची, स्क्रू आवळायचा आणि तो कोन एका फळीवर रेघ मारून उतरवायचा. अशा रेघांची फळी हीच त्याची वही. अंशाचा आकडा त्यात कुठेच येत नाही. कोन रेघ म्हणून साठवला जातो आणि रेघ म्हणूनच परत लाकडावर येतो. जमशेटजींचं एक प्रसिद्ध तैलचित्र आहे. त्यात त्यांच्या कमरबंदात चांदीची मोजपट्टी खोचलेली आहे. मुख्य बांधणाऱ्याची खूण म्हणून चित्रकाराने पट्टी रंगवली, याचा एक सुतार म्हणून मला अभिमान वाटतो.

त्याच सुमाराला इंग्लंडात अशी एक गोष्ट झाली होती की तिने आमच्या धंद्याची दिशाच फिरवली. साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरने १७७७ साली गोल करवतीचं पेटंट घेतलं. पुढे पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल आणि हेन्री मॉड्स्ले यांनी जहाजाच्या कप्प्या बनवणारी यंत्रांची मालिका उभी केली. १८०८पर्यंत तिथे वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या आणि लाकूड कापायला गोल करवती होत्या. हातकरवतीत लाकूड स्थिर असतं आणि करवत चालते. सुतार आधी रेघ मारतो आणि डोळ्यांसमोरच्या रेघेवरून करवत नेतो. वाकडं जातंय असं वाटलं तर मधेच सावरतो. गोल करवतीत पातं जागेवर फिरतं आणि लाकूड चालतं. एकदा ढकललं की सावरायला जागा नाही. रेघेचं काम आता लाकूड धरणाऱ्या आडकाठीकडे गेलं. जो कोन लाकडावर आखला जात असे तो आता मशीनवर आधीच बसवावा लागला. मायटर गेजची गरज इथून सुरू होते.

गोल करवत आपल्या गावागावांत पोचायला वेळ लागला. त्याआधी पंचेचाळीसचा काप घराघरांत पोचला तो तसबिरीमुळे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, दत्तात्रेय अशी छापील चित्रं माणसाला परवडू लागली आणि चित्राला काच आणि चौकट हवी झाली. चौकटीच्या पट्टीला नक्षीची गोलाई असते. ती कोपऱ्यावर न तुटता वळायची तर पंचेचाळीसला पर्याय नाही. फ्रेमवाल्यांकडे तीन फळ्यांची एक पेटी असे, वरून दोन तिरक्या खाचा पाडलेली. आम्ही तिला मायटर बॉक्स म्हणतो. पट्टी पेटीत ठेवायची आणि खाचेतून करवत चालवायची. खाचा वापराने रुंद होतात, मग कोन ढिला पडतो. म्हणून चांगला फ्रेमवाला एक पथ्य पाळत असे: कोपऱ्याच्या दोन तुकड्यांपैकी एक डाव्या खाचेत कापायचा, एक उजव्या. दोन्ही खाचा एकमेकींशी काटकोनात असल्या की पुरे. एक काप साडेपंचेचाळीस झाला आणि दुसरा साडेचव्वेचाळीस, तरी बेरीज नव्वद. पंचेचाळीस चुकला तरी कोपरा चुकत नाही.

ही गोष्ट नीट समजली तर मायटर गेजची निम्मी भीती जाते.

कारखानदारीच्या जगात नेमका कोन आला तोही लांबीच्या वाटेनेच. अमेरिकेतल्या लरॉय स्टॅरेटने १८७९ साली पेटंट घेतलेला काँबिनेशन स्क्वेअर आजही आमच्या पेटीत असतो. त्याचं डोकं नव्वद आणि पंचेचाळीस एवढे दोनच कोन देतं, पण ते ठाम. स्वीडनच्या एस्किल्स्टुना गावी बंदुकीच्या कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहानसनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी ठोकळ्यांचा संच तयार केला. ते एकावर एक रचले की हवी ती उंची मिळते. साइन बार याच ठोकळ्यांवर चालतो. २०० मिलिमीटर अंतरावर दोन रूळ असलेल्या पट्टीचा एक रूळ १०० मिलिमीटर उचलला की बरोबर ३० अंश. आमच्या शेजारच्या फिटर विभागात हा बार होता. तो पाहिला तेव्हा मला आपस्तंबाची दोरीच पोलादात ओतलेली दिसली.

आता मशीनपाशी. गेजच्या डोक्याला हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. मशीनचं स्विच बंद करून, प्लग काढून, पात्याच्या एका दाताला खडूने खूण करायची आणि तोच दात पुढे आणि मागे नेऊन खाचेपासूनचं अंतर मोजायचं. दोन्हीकडे सारखं नसेल तर पातं खाचेला समांतर नाही, आणि मग गेज कितीही नीट लावा, काप करपतो आणि सरकतो. दुसरं म्हणजे पट्टी खाचेत डुगडुगते का. डुगडुगत असेल तर पट्टीच्या कडेला सेंटर पंचाने चार-पाच ठोके मारावेत. पंचाभोवतीचं लोखंड किंचित फुगतं आणि खेळ जातो. डोक्याला लांब, सरळ फळीचा फेन्स लावावा आणि त्यावर पॉलिश पेपर चिकटवावा, म्हणजे तिरक्या कापात लाकूड पात्याकडे खेचलं जात नाही.

नव्वदची कसोटी पाच कापांची. साधारण अर्धा मीटर चौरस प्लायचा तुकडा घ्यायचा. एक कड कापायची, कापलेली कड फेन्सला लावून पुढची, अशा फिरत्या क्रमाने चारही. मग पहिली कड पुन्हा एकदा कापायची, पण या वेळी बोटभर रुंदीची पट्टी निघेल अशी. या पाचव्या पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना व्हर्नियरने मोजायची. समजा एका टोकाला १२.४ मिलिमीटर आली आणि दुसऱ्याला १२.०. फरक ०.४. ही चूक चार वेळा साठलेली आहे. म्हणून खरी चूक ०.१ मिलिमीटर, अर्ध्या मीटरवर. अंशांत सांगायचं तर शंभराव्या भागाच्या जरा वर. एवढी बारीक चूक गेजवरची कुठलीही रेघ दाखवू शकत नाही. आजोबांचा पालथा गुण्या चूक दुप्पट करून दाखवायचा, इथे ती चौपट होते, एवढाच फरक.

पंचेचाळीससाठी खाचेच्या रेषेवर ३०० मिलिमीटर आणि तिला काटकोनात ३०० मिलिमीटर मोजून दोन बिंदू जोडावेत, कर्ण ४२४.३ भरला पाहिजे. फेन्स त्या कर्णाला लावून चावी आवळायची, तुकडा कापायचा, मधून केलेल्या दोन भागांतला एक उलटा करून दुसऱ्याला भिडवायचा आणि आत गुण्या ठेवून पाहायचा. इथेही चूक दुप्पट दिसते. मग सारख्या मापाच्या चार पट्ट्यांची छोटी चौकट करावी, शेवटचा कोपरा काय सांगतो ते पाहावं.

आठ कोनी चौरंगाला साडेबावीस अंश लागतात आणि काप सोळा. कापागणिक दहाव्या भागाची चूक गेली तरी शेवटी दीड अंशाहून जास्त फट. गेजवर साडेबावीसला आवाज करून अडकणारी खाच असते, तिच्यावर अवलंबून राहू नये. मशीनच्या खाचेच्या रेषेवर ५०० मिलिमीटर आणि बाजूला २०७ मिलिमीटर, बस. हा २०७ येतो कुठून? वर्गमूळ दोनातून एक वजा केला की ०.४१४ उरतात, त्यांचे अर्धे. कर्णाचा तोच जुना आकडा. बाजूच्या मापात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी कोनात ०.०५ अंशाचा फरक पडतो, त्याहून जास्त नाही.

हल्ली पात्याला चुंबकाने चिकटणारी डिजिटल डबी मिळते आणि ती दशांशापर्यंत अंश दाखवते. पातं किती कललं ते पाहायला ती छान आहे, मी स्वतः वापरतो. पण दशांश अंश म्हणजे ३०० मिलिमीटरवर अर्धा मिलिमीटर, हे लक्षात ठेवून वापरावी. आणि मायटर गेजच्या आडव्या कोनाला तिचा उपयोग नाही, कारण ती गुरुत्वाकर्षणावर चालते. फेन्स लाकडी फळीचा असेल तर मृग लागल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा पाचवा काप पुन्हा घ्यावा, आणि आलेला फरक पेन्सिलीने फेन्सच्या पाठीवर लिहून ठेवावा.